पोतनीस सरांचं एकुलतं एक साइटेशन

अॅनाटॉमीत नोकरी केली असं सांगितलं की लोक खुर्ची जवळ ओढतात. मुडदा कधी उठून बसला का, कुणाचा हात हलला का, हेच विचारतात. तीस वर्षांत एकदाही नाही. मेलेल्या माणसांनी आम्हाला कसलाच त्रास दिला नाही हो, बिचारी गपगुमान पडून असायची. त्रास दिला तो जिवंत माणसांनी, आणि त्यातही ज्यांना पेपर छापायचे होते त्यांनी.

आमच्या डिपार्टमेंटात एक रीत होती. काहीही फेकायचं नाही. रजिस्टर भरलं की फडक्यात बांधून कपाटावर टाकायचं. नवा साहेब आला की म्हणायचा, ही अडगळ साफ करा, आणि जाताना स्वतःचे दोन गठ्ठे वर ठेवून जायचा. किस्सेही तसेच साठले. आता घरी बसून एकेक खाली काढतोय, धूळ उडाली तर माफ करा.

मी गायकवाड. आम्ही मूळ महूचे. आजोबा पलटणीत होते, वडील पलटणीच्या दफ्तरात, आणि मी इंदुरातल्या एका कॉलेजात टेक्निशियन. हाडं साफ करायची, नंबर टाकायचे, तारेत ओवायची. डिपार्टमेंटातला टाइपरायटरही माझ्याच गळ्यात होता, कारण क्लार्कला हाडांच्या खोलीत बसायची भीती वाटायची.

आणि पोतनीस सर आमचे रीडर, म्हणजे प्रोफेसरच्या एक पायरी खाली. त्यांचे पूर्वज दरबारात खजिन्याचे कागद सांभाळायचे. सर म्हणायचे, "आमच्या घरात चार पिढ्या सगळे नायबच, गायकवाडजी. मुख्य कोणी झालाच नाही. रिटायर व्हायच्या आधी एकदा तरी पाटीवर प्रोफेसर लागावं, बस इतकंच." पगाराचं त्यांना फारसं नव्हतं. पण ती पाटी त्यांच्या मनात खिळा ठोकून बसली होती.

*

सरांच्या रिसर्चचा विषय होता खांद्याच्या हाडावरची खाच. खांद्याचं हाड म्हणजे पाठीवरचं ते तिकोनी चपटं हाड. त्याच्या वरच्या कडेला एक बारकी खाच असते. कुणाची खोल, कुणाची उथळ. सर ती मोजायचे. सहा वर्षं मोजली. मी हाड हातात द्यायचो, सर आकडा बोलायचे, मी लिहायचो.

एका दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला गेलो होतो. त्यांचा एक मेहुणा आला होता, सियागंजमध्ये हार्डवेअरची दुकानदारी करणारा. त्याने विचारलं, जीजाजी, आजकल काय चाललंय? सरांनी खाचेचं सगळं सांगितलं. मेहुणा चकली खाता खाता ऐकत होता. म्हणाला, "मोजून झाल्यावर काय करणार?"

सर म्हणाले, "परत मोजणार. रीडिंग दोनदा घ्यावं लागतं."

वहिनी आतून चहा घेऊन येत होत्या. त्यांनी मेहुण्याच्या ताटात आणखी एक चकली टाकली. तेव्हापासून त्या घरात सरांच्या कामाची चौकशी कुणी केली नाही.

*

आमचे हेड होते डॉ. सक्सेना. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांचा एक नियम होता, की डिपार्टमेंटातून जो कागद बाहेर जाईल त्यावर पहिलं नाव हेडचं. दुसरं हेडच्या मित्राचं. मोजणाऱ्याचं नाव तिसरं. सगळीकडे असंच चालायचं, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी प्रत्येक पेपर टाइप करायचो आणि सरांचं नाव शेवटी कागदाच्या कडेला चेपून बसवायचो.

एकदा एका कॉन्फरन्ससाठी दोन पेपर पाठवले. एक खांद्याच्या हाडावर, दुसरा छातीच्या मधल्या हाडावर. दोन्ही सरांनी केलेले, आणि दोन्ही वाचायला साहेब. वाचण्याआधी साहेबांनी ते वाचले नव्हते. छातीच्या हाडाचा पेपर त्यांनी धडाधड वाचला, टाळ्या झाल्या. मागून एका बाईंनी विचारलं, सर, आपण सॅम्पल कसं घेतलं?

साहेब म्हणाले, "जितने दाएँ, उतने ही बाएँ।"

आता छातीच्या मधे हाड एकच असतं. हॉल असा हसला की बाहेर चहाच्या टेबलावरचे लोक आत डोकावले. साहेब शांतपणे खाली उतरले. दुसऱ्या दिवशी इंदूरला आल्यावर सरांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, "पोतनीस, तुम्हारे पेपर में कुछ कमी है। लोग हँसते हैं।"

सर म्हणाले, "देख लूँगा, सर।" आणि खरंच त्या संध्याकाळी पेपर परत तपासत बसले.

*

त्या काळी झेरॉक्स सगळीकडे नव्हतं. परदेशातल्या माणसाला तुमचा पेपर हवा असला तर तो छापील पोस्टकार्ड पाठवायचा, की कृपा करून एक प्रत पाठवा. अर्थातच कार्ड पहिल्या नावाला यायचं. पोलंड, क्युबा, कुठून कुठून यायची. साहेब ती टेबलाच्या काचेखाली ठेवायचे. येणारा जाणारा बघायचा. प्रत मात्र कुणाला पाठवत नसत, कारण प्रती सरांच्या कपाटात होत्या आणि साहेब त्या मागणार कशा?

पोलंडच्या एका डॉक्टरने खाचेच्या पेपरसाठी कार्ड पाठवलं. उत्तर नाही. त्याने परत पाठवलं. मग तिसरं आलं. मी सरांना म्हटलं, आपणच गुपचूप एक प्रत पाठवू या. सर म्हणाले, पत्ता काचेखाली आहे, गायकवाडजी, काच कोण उचलणार?

पुढच्या महिन्यात डीन राउंडला आले. साहेबांनी तिन्ही कार्डं त्यांना दाखवली आणि म्हणाले, "देखिए, एक ही आदमी तीन बार लिख रहा है। कितनी डिमांड है।"

*

मग ते दिवस आले जेव्हा सगळ्या देशाला एकदम जगाच्या बरोबरीचं व्हायचं होतं. दुकानांत नवा कोला आला, छतांवर डिश लागल्या, आणि आमच्याकडे एक सर्क्युलर आलं. यापुढे प्रमोशन सिनिऑरिटीवर नाही. 'रिसर्च आउटपुट' आणि 'साइटेशन इम्पॅक्ट' दाखवा. म्हणजे तुम्ही किती छापलं, आणि ते जगात किती जणांनी आपल्या पेपरात उल्लेखलं.

सोबत एक प्रोफॉर्मा होता. तो कुणी बनवला देव जाणे, पण कुठल्या तरी कारखान्याचा उचलून वर डिपार्टमेंटचं नाव टाकलं होतं. कच्चा माल कोणता? मासिक उत्पादन किती? उत्पादन घटल्यास कारणे? साहेब म्हणाले, पोतनीस, तुम भर दो. सरांनी मला सांगितलं ते मी टाइप केलं. कच्चा माल: बेवारस. उत्पादन घटल्याची कारणे: कच्चा माल टिकाऊ, कामगार थकलेला.

आम्हाला वाटलं नोटीस येईल. आलं ते अभिनंदनाचं पत्र, की प्रोफॉर्मा वेळेत भरणारं हे कॉलेजातलं एकमेव डिपार्टमेंट आहे!

*

सरांनी हाडं सोडून जिवंत खांदे का मोजायला घेतले, ते सांगतो. आमच्याकडे एक हीरालालजी यायचे. कापड मिलमध्ये बुनकर, म्हणजे विणकर होते, वीस-पंचवीस वर्षं लूमवर. खांदा दुखतो म्हणून ओपीडीत यायचे आणि चुकून आमच्या व्हरांड्यात येऊन बसायचे. सर त्यांच्याशी बोलू लागले. मग एक दिवस म्हणाले, गायकवाडजी, हाडावर जे मोजतो ते माणसात काय करतं ते बघू या.

मी आणि सर शिफ्ट सुटताना मिलच्या फाटकाशी उभे राहू लागलो. सरांच्या हातात कोन मोजायचं यंत्र, शाळेतल्या कोनमापकाचा मोठा भाऊ. हीरालालजी लोकांना रांगेत उभं करायचे. हात बाजूने वर उचला, सर म्हणायचे "और ऊपर", आणि जिथे थांबेल तिथे मी आकडा लिहायचो. बहुतेकांचा हात खांद्याच्या लायनीत येऊनच थांबायचा. साहेब आधीच बजावून बसले होते, "इस मजदूर-वजदूर में मेरा नाम मत डालना।" मिलमध्ये तेव्हा रोज मोर्चे निघायचे, त्यांना ते लफडं नको होतं. त्यामुळे जन्मात पहिल्यांदा एका कामावर सरांचं नाव पहिलं आणि एकटं येणार होतं. वर्षभराने दुसरं रीडिंग घ्यायचं ठरलं.

त्या वर्षात मिल बंद पडली. एक दिवस भोंगा वाजला नाही, एवढंच. लोक पांगले. कुणी सियागंजमध्ये गोण्या उचलू लागला, कुणी हातगाडी लावली, हीरालालजी सुदामा नगरात एका बिल्डिंगवर चौकीदार झाले. सर म्हणाले, संपलं. पण हीरालालजींनी निरोप धाडले आणि एका रविवारी मिलच्या चाळीतल्या धर्मशाळेत सगळे जमले. यादीत नव्हते तेही आले. दाढ्या केलेल्या, इस्त्रीचे शर्ट, खिशात मिलचा जुना पास. सर इतके खूश झाले की मला म्हणाले, बघा, रिसर्चची कदर असते लोकांना.

आणि काय सांगू, सगळ्यांचे हात वर गेले. सरळ कानापर्यंत! एकामागून एक. लूम सुटला आणि खांदे सुधारले, असाच त्याचा अर्थ. सरांचा आवाज चढत होता, मी भराभर लिहीत होतो. पण मला त्यांची तोंडं दिसत होती. थंडीचे दिवस होते आणि माणसं घामाने निथळत होती.

शेवटच्याने शर्ट घालता घालता विचारलं, "तो साहब, जॉइनिंग कब से है?"

तेव्हा कळलं. चाळीत बातमी फिरली होती की कुठली तरी बाहेरची कंपनी मिल घेतेय आणि कॉलेजचा डॉक्टर फिटनेस तपासतोय. जो हात वर नेईल तो कामावर. सरांनी यंत्र खाली ठेवलं. आम्ही स्कूटरवर निघालो. घराशी आल्यावर म्हणाले, "खोटं कुणीच बोललं नाही. मी विचारलंच कुठे होतं?"

*

सरांनी पेपर लिहिला तो खरा खरा लिहिला. आत एक पूर्ण परिच्छेद होता, की लोकांना ही भरती वाटली, त्यांनी दुखणं दाबून हात वर नेले, म्हणून दुसऱ्या मोजणीवर भरवसा ठेवू नये. पहिल्या पानावर थोडक्यात सारांश असतो, त्यातही शेवटच्या दोन ओळी याच होत्या. दोन जर्नल्सनी परत पाठवला. तिसऱ्याने कळवलं, घेतो, पण सारांश लांब आहे, दोन ओळी कमी करा.

सरांनी नेमक्या त्याच दोन ओळी काढल्या. मला म्हणाले, आत आहे ना सगळं, ज्याला वाचायचं तो आत वाचेल. मीही मान हलवून टाइप केलं. त्यात काही चूक आहे असं मलाही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू? छापून आलं पाहिजे, हेच दोघांच्या डोक्यात होतं.

मग प्रोफेसरच्या जागा निघाल्या. साइटेशन बघायला सर मुंबईला एका मोठ्या लायब्ररीत गेले. तिथे जाडजूड ग्रंथ असतात, मुंगीएवढ्या अक्षरात, कोणी कुणाचा उल्लेख केला त्याची यादी. सर जाताना डिपार्टमेंटातलं भिंग घेऊन गेले. तिथे कळलं की त्या यादीत फक्त पहिलं नाव धरतात. सक्सेना साहेबांच्या नावाखाली अख्खा कॉलम होता, सगळी सरांचीच मोजणी. लायब्रेरियन म्हणाला, हे सक्सेना मोठे दिसतात. सर म्हणाले, "हो. मी त्यांच्याच डिपार्टमेंटात आहे."

पण खाली पोतनीस नावासमोर एक ओळ होती. एकच. मिलवाल्या पेपरची. जगात कुणीतरी एका बड्या जर्नलमध्ये सरांचा उल्लेख केला होता. तो अंक त्या लायब्ररीत नव्हता, म्हणून सरांनी लेखकाला आयुष्यातलं पहिलं पोस्टकार्ड पाठवलं, की कृपा करून एक प्रत पाठवा.

परत आले ते मावाबाटी मिठाईचा डबा घेऊनच. वहिनींनी म्हणे पहिल्यांदा विचारलं होतं, काय झालं ते मला नीट समजावून सांगा. डिपार्टमेंटात सगळ्यांना एकेक मिळाली. आमचा प्यून रामसिंग म्हणाला, साब, नात झाली का नातू? सर म्हणाले, साइटेशन. रामसिंगने थोडा विचार केला आणि म्हणाला, "कोई बात नहीं साब, फिर भी बधाई।"

*

पोलंडवाल्याला जसं उत्तर गेलं नाही, तसं सरांनाही आलं नाही. त्याऐवजी हीरालालजी आले, प्रोफेसरच्या जागेचा फॉर्म जायच्या आदल्या दिवशी. हातात झेरॉक्सचे दोन कागद. मिलच्या कामाने ज्यांचं शरीर बिघडलं त्यांनी दावा लावला होता. मिलच्या वकिलाने कोर्टात तोच बड्या जर्नलमधला लेख दाखवला. त्यात एक वाक्य होतं, की काम सुटल्यावर वर्षभरात बुनकरांचे खांदे पूर्ण बरे होतात. आणि पुढे कंसात नाव, पोतनीस.

"साहब, आपने ऐसा लिखा है?" हीरालालजींनी विचारलं. रागाने नाही, खरोखरच विचारलं.

सरांनी वाक्य दोनदा वाचलं. मग कपाटातून आपला पेपर काढला आणि आतला तो परिच्छेद त्यांना हिंदीत करून ऐकवला, शब्द न् शब्द. हीरालालजी ऐकत राहिले. म्हणाले, मतलब ग़लती हमारी ही हुई, हमने ही हाथ ऊपर किया. सर म्हणाले, नाही, मी दोन ओळी काढल्या. बराच वेळ दोघं ती चूक आपापल्याकडे ओढत बसले. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जाऊन चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी दहाला मी पोहोचलो तर व्हरांडा भरलेला. तीच माणसं. दाढ्या वाढलेल्या, एकाच्या अंगावर सियागंजच्या गोणीचं पीठ. सगळ्यांनी शर्ट काढून हातात धरलेले. हीरालालजी रांग लावत होते.

सर आत आले, रांग पाहिली, आणि आधी माझ्या टेबलाशी आले. सही केलेला फॉर्म माझ्यासमोर होता, पाचच्या आत पोस्टात टाकायचा होता. त्यांनी पेन काढून साइटेशनच्या कॉलमातला '१' हा आकडा खोडला.

मी म्हटलं, "सर, खाडाखोड केलेला फॉर्म घेत नाहीत."

"मग नवा टाइप करा. तिथे शून्य लिहा." पेनला टोपण लावून म्हणाले, "आज मी जर्नलला आणि कोर्टाला लिहिणार की ती मोजणी रद्द. मग त्याच मोजणीवर प्रोफेसर कसा होऊ?"

मला गहिवरून आलं, आणि थोडा रागही आला, दोन्ही खरं आहे. वहिनींना आता कोण समजावणार, हेच डोक्यात येत होतं. पण सरांनी यंत्र उचललं होतं, म्हणून मी रजिस्टर उघडलं.

एकेक येत गेला. सर कोन वाचत होते, मी लिहीत होतो. दुपारचे दोन वाजले. सगळ्यात शेवटी हीरालालजी उभे राहिले. त्यांनी हात बाजूने उचलला. खांद्याच्या लायनीत आला आणि थांबला.

सर यंत्रावर वाकलेले होते. मिलच्या फाटकापासूनची सवय, तोंडातून निघून गेलं, "और ऊपर।"

"साहब," हीरालालजी म्हणाले, "और ऊपर तो नौकरी के लिए गया था।"